कुजक्या ओंडक्यांची उसनवारी

मिस्त्रीने हयातभर लाकूड खाणाऱ्या किड्यांशी वैर केलं. कपाट असं करायचा, की वाळवीने हात टेकावेत. आणि त्याच्याच पोटची मुलगी निघाली भुंगे वाचवणारी.

हरणासारखी शिंगं मिरवणारे हे भुंगे आता दिसेनासे झालेत. त्यांच्या अळ्या जमिनीतल्या कुजक्या लाकडावर वर्षानुवर्षं वाढतात, आणि हल्ली बुंधा कुजू देतो कोण? बांधकामासाठी उखडलेल्या एका बुंध्यात मुलीला अळ्या सापडल्या. तिने बापाला फोन करून सांगितलं, परसात खड्डा खणून लाकूड भरून ठेवा, संध्याकाळी येते.

मिस्त्री लागला कामाला. खड्डा काटकोनात. लाकूड खणखणीत, रंधा मारलेलं, सांधे घट्ट. वरून वाळवीच्या औषधाचे दोन हात.

मुलगी अळ्यांची बादली घेऊन आली, खड्ड्यावर वाकली आणि नाक धरून मागे सरली.

"बाबा, हे त्यांचं घर की स्मशान?"

"दोन पिढ्या हलणार नाही."

"अहो, लाकूड हे त्यांचं जेवण आहे. तुम्ही विष कालवलंत त्यात."

पाहुण्यांना बोलावून असं वाढतात का, असं बायकोनेही ऐकवलं. मिस्त्रीचं तोंड उतरलं. अळ्या बादलीत फार तग धरणार नव्हत्या, आणि त्याच्या घरात कुजकी ढलपीसुद्धा नव्हती. कुजकं लाकूड होतं ते शेजारच्या रंगाऱ्याकडे. पडलेल्या झाडाचे ओंडके त्याने तसेच लोळत ठेवले होते, आणि त्यावरून मिस्त्री त्याला ऐदी म्हणायचा, तेही कुंपणापलीकडे ऐकू जाईल असं.

मिस्त्री गेला. चाचरत मागितलं. रंगारी खुर्चीतून हलला नाही.

"आधी सांग, कसं आहे लाकूड?"

मिस्त्रीने ओंडक्यात बोट खुपसलं. पेरभर आत गेलं.

"छान कुजलंय," तो कसंबसं म्हणाला.

"कुजवलं कुणी?"

"तू."

मग औषधापासून लांब नवा खड्डा. मिस्त्री ओंडके ओळंब्यात लावू लागला, तेव्हा मुलीने ओळंबाच काढून घेतला. ओंडके वेडेवाकडे उभे केले, मधे भुसकट आणि माती. वर सोडलेल्या अळ्या आक्रसून पडल्या. मग एकीने डोकं भुसकटात घातलं आणि हळूहळू साऱ्याच आत गेल्या.

उकरून बघायचं नाही, असं मुलीने बजावलं. केलेलं काम तपासायचं नाही म्हणजे मिस्त्रीला शिक्षाच. सकाळी तो ओंडक्याला कान लावून पालथा पडला. आत बारीक कुरतडणं चालू होतं. याच आवाजाने आजवर त्याच्या जिवाचं पाणी व्हायचं.

तो उठला, गुडघे झटकले आणि कुंपणापाशी जाऊन रंगाऱ्याला हाक मारली.

"ये, ऐक. खातायत."