भामाचा प्रश्न

बळीराम म्हात्रे पनवेलच्या एका शाळेत लॅबचा शिपाई. एकतीस वर्षं परीक्षानळ्या धुतल्या, पण गड्याचे कान सदा फळ्याकडे. विज्ञानाच्या अविनाश सरांनी वर्गात जे शिकवलं, ते संध्याकाळी बायकोला शिकवल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरायचा नाही. भामाची शाळा दुसरीतच सुटलेली. पण ऐकायची मात्र मन लावून, भाकऱ्या थापता थापता.

एकदा त्यानं इलॅस्टिकच्या पट्टीवर शाईनं नागमोडी रेघ काढली, एक टोक तिच्या हातात दिलं आणि ओढलं. रेघेच्या लाटा लांबल्या.

"बघ, लई लांबच्या आकाशगंगांचा उजेड येता येता आसा ताणतो. लाट लांबली की निळ्याचा तांबडा व्हतो. विश्व फुगतंय ना!"

"आवो, हितं आपुन दोगं वढतो," भामा म्हणाली. "थितं कोन वढतंय?"

"गप गं! तुला नाय कळायचं," तो खेकसला. खरं तर उत्तर त्यालाच येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पठ्ठ्यानं साळसूदपणे तोच प्रश्न सरांना विचारला. सर खूश!

"कुणीच ओढत नाही, बळीरामभाऊ. मधली जागाच वाढते, आणि वाटेवरचा प्रकाश तिच्यासोबत लांबतो. पण काय प्रश्न काढलात! आजवर एकाही पोराला सुचला नाही."

स्टाफरूमभर कौतुक झालं. बळीरामला मूठभर मांस चढलं. घरी मात्र अवाक्षर नाही. उत्तर सांगायचं, तर शाबासकी कुणी लाटली तेही सांगावं लागलं असतं. आज सांगू, उद्या सांगू करत चार वर्षं गेली, आणि त्र्याण्णव साली भामा काविळीनं गेली. मग घर खायला उठायचं. सरांनी काही नवं शिकवलं की तो चुलीपुढे बसून तोंड उघडायचा, आणि ऐकायला कुणी नाही हे आठवून रडायचा.

वर्षभरात त्याचा निरोप समारंभ आला. गळ्यात हार, हातात नारळ. सर माईकवर तोच प्रश्न रंगवून सांगू लागले. टाळ्या पडल्या. बळीराम उठला.

"थांबा सर. त्यो प्रश्न माझा नव्हता. बायकोचा व्हता. मी चोरला."

सरांनी माईक बाजूला केला. "मग वहिनींना उत्तर तरी सांगितलंत ना?"

"नाय सर. गेली त्या आठवड्यातबी इचारलं तिनं, कोन वढतंय म्हून. मी म्हनलो, झोप आता."