मल्लम्माच्या हौदातलं पाणी

लातूरच्या जुन्या गावात मडिवाळप्पा चुनेवाल्याच्या परसात एक हौद होता आणि त्या हौदात मासे होते, ही गोष्ट गल्लीला काही केल्या पचत नसे. घर लिंगायताचं. श्रावणात कांद्याला शिवायचं नाही असली सोवळी चूल, आणि परसात रोहू पोसलेले. बायका मुद्दाम विचारायच्या, "मल्लम्मा, कधी तळणार गं?" मल्लम्मा हसायची नाही, रागवायचीही नाही. ज्वारीचा कोंडा मुठीनं टाकायची आणि सगळे वर आले ना, तेवढं बघून आत जायची.

ते मासे तिच्या गौरम्माचे होते. गौरम्मा म्हणजे तिची एकुलती लेक. बहात्तरच्या दुष्काळात गावाबाहेरचं तळं आटलं, तेव्हा लोक चिखलातली मासळी टोपल्या भरभरून नेत होते. सात वर्षांच्या गौरम्मानं बोटाएवढी पिल्लं कळशीत घालून आणली आणि हौदात सोडली. आई ओरडली तर म्हणाली, "असू दे की गं, मरायला लागले होते." पुढं त्याच उन्हाळ्यात पटकी आली. मासे राहिले आणि पोरगी गेली.

मडिवाळप्पा तेव्हा घरी नव्हता. दुष्काळी कामावर चुना पुरवायचा म्हणून शिरूर अनंतपाळकडं भट्टी लावून बसला होता. निरोप पोचेपर्यंत मूठमाती होऊन गेली होती. तो आला, ओसरीवर बसला, तांब्याभर पाणी प्याला आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. लेकीला कुठं ठेवलं हे त्यानं तेव्हा विचारलं नाही, नंतरही नाही. तिचं नावसुद्धा पुन्हा काढलं नाही. मल्लम्मानं मनाशी ठरवून टाकलं की हा माणूस चुन्यात राहून राहून आतून कोरडा पडलाय. तिला तरी काय बोल लावणार? जो बोलतच नाही, त्याचं दुःख दुसऱ्यानं ओळखायचं कसं?

ती एकटीच दर अमावास्येला गावाच्या कडेच्या रुद्रभूमीत, लिंगायतांच्या दफनभूमीत, जायची आणि लेकीच्या जागेवर बेलाचं पान ठेवून यायची. पुढं दहा वर्षांनी लातूर जिल्हा झाला. गुलाल उधळला, पेढे वाटले. मडिवाळप्पाच्या दुकानावर तर झुंबड उडाली, कारण निघेल त्या कचेरीला सफेदी हवी होती. नव्या वस्तीकडं जाणारा रस्ता कुणीतरी आखला आणि त्यात रुद्रभूमीचा एक कोपरा गेला. मल्लम्मा अमावास्येला गेली तेव्हा तिथं मुरूम पडला होता आणि वरून रूळ फिरत होता. ती बेलाचं पान हातात घेऊन तशीच घरी आली. कुणाला काही बोलली नाही. पान हौदाच्या काठावर ठेवलं, आणि पुढं दर अमावास्येला तिथंच ठेवू लागली. आता लेकीचं म्हणून तिच्याजवळ एवढंच होतं, हे मासे.

आणि नेमके तेच जिल्हा झाल्यानंतरच्या पावसाळ्यात आजारी पडले. भल्या सकाळी पाण्यावर येऊन तोंडं वासायचे, दुपारी जरा सावरायचे, पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच. अंगावरची चमक गेली. दोन तर मरून वर आले.

पुढच्या खोलीत शेषेराव नावाचा भाडेकरू होता. मूळचा उमरीचा, नव्या जिल्ह्याच्या मत्स्य खात्यात नोकरीला. बिचारा खानावळीत चोरून मासे खायचा आणि वेलदोडा चघळत घरी यायचा. साऱ्या गल्लीला ते ठाऊक होतं. मल्लम्मानं त्याला परसात नेलं. त्यानं हौदात कागदाची पट्टी बुडवली आणि तिचा बदललेला रंग उजेडाला धरून बघितला.

"अक्का, पाणी आंबट झालंय," तो म्हणाला. "आधी कुठलं पाणी घालत होता?"

"आडाचं. आड औंदा ढासळला. आता पत्र्यावरचं पावसाचं येतंय."

"तेच झालं. आडाच्या पाण्यात चुनखडीचा अंश असतो. तुमच्या घागरीला पांढरा थर बसायचा बघा, तो त्याचाच. पावसाचं पाणी निव्वळ कोरं. वरून चिंचेचा पाला पडून कुजतोय. पाण्याला धरून ठेवायला आत कायच न्हाई, म्हणून सकाळी एक अन् दुपारी एक व्हतंय."

उपाय म्हणून तो अंड्याची टरफलं म्हणाला, पण मल्लम्माचा चेहरा बघून त्यानं जीभ चावली. "बरं, ते राहू द्या. नदीकाठची चुनखडी आणा. खडे धुऊन, गोणपाटात बांधून तळाला सोडा. पाण्याला जेवढं लागतं तेवढंच विरघळतंय, जास्ती न्हाई. पाला काढत चला. महिना-दोन महिने लागतील, पण घाई करू नका. मासा आंबट पाण्यात कसाबसा तग धरतो, एकदम झालेला फेर त्याला सोसत न्हाई."

शेषेराव दुसऱ्या दिवशी देवणीकडं दौऱ्यावर गेला. मल्लम्मानं नवऱ्याला सांगितलं, "चुनखडी आणा, हौदात सोडायचीय. शेषेराव म्हणले पाणी आंबट झालंय." घाई करायची नाही, हे ती बोलली नाही. चुन्याच्या माणसाला चुनखडीचं काय सांगायचं, असं तिला वाटलं.

श्रावणी सोमवार होता. मल्लम्मा सिद्धेश्वराला गेली. मडिवाळप्पा दुकानातून जेवायला आला तो सहज परसात गेला. मासे आता दुपारीही तोंडं वासत होते. तो किती वेळ उभा राहिला कोण जाणे. नदीवर जायचं, खडे वेचायचे, ते विरघळायची वाट बघायची, आणि तोवर हे राहतील का? चुनखडी भाजली की चुना होतो, हे त्याच्या बापानं त्याला चालता येण्याआधी शिकवलं होतं. दगडाचं काम चुना दुप्पट वेगानं करणार. तो दुकानात गेला आणि भिजवलेल्या चांगल्या चुन्याची पाटी आणून त्यानं हौदात रिकामी केली. कळकाच्या काठीनं ढवळलंसुद्धा, नीट मिसळावा म्हणून.

मल्लम्मा अंगारा घेऊन आली तेव्हा हौद ताकासारखा पांढरा दिसत होता आणि मासे पोट वर करून तरंगत होते. एकही हलत नव्हता. मडिवाळप्पा काठावर बसला होता, कोपरापर्यंत हात पांढरे.

"म्हटलं आजच बरं करावं," तो म्हणाला. "दगडाचाच चुना हुतो. मला वाटलं..."

"इतक्या वर्षांत एकदा हौदाकडं आलाव," मल्लम्मा म्हणाली, "ते हे कराया."

"तुला बरं वाटंल म्हणून केलं गं."

"तिची जागा गेली. तिच्यावर सडक झाली. हे तेवढे राहिले व्हते माझ्यापाशी."

"कंची सडक?"

"तुमच्या चुन्याच्या गाड्या जातात, तीच."

बोलली आणि तिला वाटलं, हे बोलायला नको होतं. मडिवाळप्पाचा चेहरा कागदासारखा झाला.

"मला म्हाईत न्हवतं," तो म्हणाला.

"कधी इचारलं व्हतं?"

"इचारलं असतं तर जाऊन बघावं लागलं असतं. माझ्यानं झालं न्हाई, मल्लम्मा."

मग तो उठला, कुदळ घेतली आणि चिंचेपासून लांब, भिंतीकडेला खड्डा केला. एकेक मासा दोन्ही हातांनी उचलून आत ठेवला. देवघरातली विभूती आणून चिमूट चिमूट सगळ्यांवर टाकली आणि हातानंच माती लोटली. शेवटची मूठ टाकताना त्याचा हात थांबला आणि तो लहान मुलासारखा हुंदके देऊन रडायला लागला. मल्लम्मा दारात उभी होती. हा माणूस कोरडा नव्हता, इतकी वर्षं आपण त्याच्याशेजारी राहून त्याला ओळखलं नाही, हे तिला तेव्हा कळलं आणि माशांच्या दुःखात हेही दुःख मिसळलं.

दुसऱ्या दिवसापासून चुन्याच्या गाड्या लांबच्या वाटेनं जायला लागल्या. गाडीवान कुरकुरला, मडिवाळप्पानं कारण सांगितलं नाही. हौद त्यानं स्वतः उपसला, घासून काढला आणि पावसाच्या पाण्यानं भरू दिला. मांजरा नदीच्या काठावर जाऊन चुनखडीचे खडे वेचून आणले, धुतले, गोणपाटात बांधून तळाला सोडले. चिंचेच्या बाजूला जुन्या लुगड्याचं छत बांधलं, पाला पडू नये म्हणून. सकाळी दुकानाआधी आणि संध्याकाळी दुकानानंतर तो काठावर बसायचा. कधी मल्लम्माही येऊन बसायची. फारसं बोलणं व्हायचं नाही, पण आधीच्या न बोलण्यासारखं ते नव्हतं.

शेषेराव अधूनमधून पट्टी बुडवून बघायचा. थंडीत एकदा त्यानं सकाळी बघितली, दुपारी बघितली, दिवेलागणीला पुन्हा बघितली आणि खूश होऊन म्हणाला, "आप्पा, आता रंग हलत न्हाई. असं पाणी आमच्या खात्याच्या तळ्यात न्हाई. म्या परवा रोहूचं बी, बारकी पिल्लं, आणून देतो, उगं हौद मोकळा कशाला ठेवायचा?"

मल्लम्मानं नवऱ्याकडं बघितलं. खरं तर तिलाही क्षणभर वाटलं होतं, आणावेत.

"नगं," मडिवाळप्पा म्हणाला. "ते गौरम्माचे नसतील."

लेक गेल्यापासून तिचं नाव त्याच्या तोंडून पहिल्यांदा आलं होतं. ते ऐकायला मल्लम्माचे कान इतकी वर्षं आसुसले होते, आणि आता ऐकलं तर तिला वाटलं, पोरगी आज पुन्हा गेली. ती हौदाच्या काठावर बसली आणि तोंडाला पदर लावून रडली. शेषेराव पट्टी खिशात घालून हळूच खोलीकडं निघून गेला.