सपाट माथ्याचं हिमाचल

ज्याला विनोद करायची सवय आहे त्याने समित्यांच्या बैठकांना जाऊ नये, हे मला मिशिगनमधल्या नोव्हाय गावात कळलं. २००६चा उन्हाळा होता. आमच्या भागातल्या सगळ्या भारतीय मंडळांची मिळून एक शिखर संस्था होती. शिखर अशासाठी, की तिच्या अध्यक्षांना सर्वांत जाड हार मिळे. त्या संस्थेने पंधरा ऑगस्टच्या आसपासच्या एका शनिवारी शाळेच्या जिममध्ये सगळा भारत उभा करायचं ठरवलं. प्रत्येक राज्याला एक टेबल, आणि टेबलामागे तीन फलक: भूगोल, अर्थव्यवस्था आणि विकास. हाच क्रम का, असं कुणी विचारलं नाही. शाळेच्या पुस्तकातही तो असाच होता, तेव्हा आधी डोंगर, मग पैसा आणि शेवटी धरणाचा फोटो हे विधिलिखितच असणार.

अडचण अशी झाली, की काही राज्यांना वालीच नव्हता. गुजरात गुजरात्यांनी घेतलं, आंध्र तेलुगू मंडळाने घेतलं; हिमाचल प्रदेश मात्र कुणी घेईना, कारण मिशिगनमध्ये हिमाचलचं मंडळ नव्हतं. मी मागच्या खुर्चीवरून म्हणालो, "द्या आम्हाला. सह्याद्रीवाले आहोत, डोंगर आमच्या घरचाच." हशा पिकला. पण इतिवृत्तात हशा लिहीत नाहीत. आठवड्याने ई-मेल आली: हिमाचल प्रदेश, महाराष्ट्र मंडळ, आणि पुढे माझं नाव.

बायको म्हणाली, "घाट्याला डोंगर मिळाला. शोभतोय."

माझी बायको गिरगावची आणि मी वाईकडचा. घाटावरून आलेल्याला मुंबईत घाटी म्हणतात, आणि ते काही कौतुकाने म्हणत नाहीत. आमच्या घरी हा शब्द भांडणात चालायचा, लाडात चालायचा, आणि मी पंख्याखाली सदरा वाळत घातला तरी चालायचा. अमेरिकेत येऊनही मी घाटीच राहिलो होतो. नोव्हायमधून कुठल्याही दिशेला तीन तास गाडी हाकली तरी घाट लागत नाही, हा बचाव तिने कधी मान्य केला नाही.

हिमाचलचं एक माणूस मात्र आमच्याच वसाहतीत होतं. पलीकडच्या अपार्टमेंटमध्ये नागपूरची एक मुलगी राहायची. नवरा कुल्लूकडचा, गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर, आठवड्यातले चार दिवस ओहायोच्या प्लांटवर. सात महिन्यांचं बाळ होतं आणि ते सांभाळायला सासूबाई मे महिन्यात आल्या होत्या. त्यांना सगळे अम्माजी म्हणत. ती मुलगी एका संध्याकाळी आमच्याकडे आली आणि चहाचा कप तसाच बाजूला ठेवला. मग एकदम म्हणाली, "काका, त्या काही बोलूनच नाही राहिल्या हो. दिवसभर खिडकीशी बसून असतात. बाळाला जरा बाहेर न्या म्हटलं तर नाही म्हणतात. आता म्हणतात, तिकीट चेंज करून दे, मी ऑगस्ट संपला की जाते."

"कंटाळल्या असतील," मी म्हणालो.

"मी आवडत नसेन त्यांना. माझ्या हातच्या रश्श्याने त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं, काकू. आधी वाटलं तिखटानं येतं. आता वाटतं, तिखटानं नसेलच."

बायकोने विचारलं, "आणि त्या गेल्या तर?"

"डेकेअरला नोव्हेंबरशिवाय जागा नाही. जॉब सोडावा लागेल. व्हिसा जॉबवरचा, तो एकदा गेला की परत कोण देऊन राहिलंय मला?"

माझी बायको संकटात फार बोलत नाही, कामं वाटते. "सोमवारपासून दुपारी त्यांना आणि बाळाला आमच्याकडे सोड," ती म्हणाली. "यांना हिमाचल बनवायचंय, आणि यांनी हिमाचल फक्त कॅलेंडरवर पाहिलंय."

हा आरोप खरा होता. पण राज्य कसं बनवायचं याबद्दल मला शंका नव्हती. मराठी माणसाला डोंगर करायला सांगितला की तो दिवाळीतला किल्ला करतो. त्याच्या हातांना दुसरा डोंगर येतच नाही. गॅरेजमध्ये एका मोठ्या प्लायवुडवर मी पुठ्ठ्याची खोकी रचली. बासमतीच्या ज्यूटच्या पिशव्या फाडून, चिखलात बुडवून त्यांच्यावर पसरल्या. इथे चिखलसुद्धा दुकानातून, प्लॅस्टिकच्या पिशवीत आणावा लागतो. दोन संध्याकाळी खपलो. शिवालिक झालं, धौलाधार झाली, मागे पीर पंजाल. खिंडीवर मी कागदी पाटी टोचली: रोहतांग घाट. लांबून पाहिलं तर रुबाबदार दिसत होतं.

सोमवारी मी रजा काढली, आणि जेवणाच्या सुटीत सून अम्माजींना सोडून गेली. लहानखुऱ्या, डोक्याला धाटू म्हणजे त्यांच्याकडचा रुमाल बांधलेला, कडेवर बाळ. त्यांनी प्लायवुडला एक फेरी मारली आणि विचारलं, "इन पहाड़ों का सिर किसने काटा?"

मी पाहिलं. खरंच, एकाही शिखराला टोक नव्हतं. प्रत्येक डोंगर वर जाऊन नीट सपाट झाला होता, कडेने तटबंदीसारखी एक वरंबा-ओळ, खाली एक माची. धौलाधारवर पाण्याच्या टाक्याला जागासुद्धा सोडली होती. मी हिमाचल केलंच नव्हतं. चौदा-पंधरा पुरंदर शेजारी शेजारी मांडले होते.

"और ये घाट?" त्यांनी पाटीकडे बोट केलं. "घाट तो नदी पर होता है, जहाँ मुर्दा जलाते हैं. यहाँ कौन मर गया?"

मी माझ्या हिंदीत, म्हणजे क्रियापदं सोडून बाकी सगळी मराठी असलेल्या भाषेत सांगितलं, की आमच्याकडे डोंगर चढणाऱ्या रस्त्याला घाट म्हणतात. त्यांना ते पटलं नाही. त्यांच्याकडे त्याला जोत म्हणतात. "और जो नीचे है, दो पहाड़ों के बीच में, वो घाटी. हम घाटी के हैं," त्या म्हणाल्या आणि मान जरा ताठ केली. "हमारी घाटी जैसी घाटी कहीं नहीं."

बायकोच्या हातातला चहाचा ट्रे क्षणभर थांबला. इतक्या वर्षांत कुणी घाटी असल्याचा अभिमान बाळगताना तिने ऐकला नव्हता. मी ट्रेमधला कप उचलला. काही विजय गप्प राहूनच भोगायचे असतात.

अम्माजी हिमाचलच्या तज्ज्ञ असतील अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी ती लगेच मोडून काढली. लाहौल कुठे, म्हटलं, तर म्हणाल्या, त्या पहाडामागे असेल. चंबा? नाव ऐकलंय. शिमल्याला दोनदा गेल्या होत्या, एकदा दवाखान्यात आणि एकदा लग्नाला, आणि दोन्ही वेळा पाऊस होता. "सामने का पहाड़ इतना बड़ा है कि पीछे क्या है, किसको दिखता है?" आपल्या राज्याविषयी एवढं प्रामाणिक निवेदन मी त्या उन्हाळ्यात दुसरं ऐकलं नाही.

पण हातांना काम मिळाल्यावर त्या खुलल्या. मी पुठ्ठ्याचे सुळके करून सपाट माथ्यांवर बसवत होतो आणि त्या ओल्या मातीत बोटाने आडव्या रेघा ओढत होत्या. उतारावर शेताच्या पायऱ्या तयार होत होत्या. अर्थव्यवस्थेच्या फलकावर मी सफरचंदं, मटार, पर्यटन आणि वीज लिहिलं होतं. सफरचंदाच्या चित्रावर त्यांनी हात ठेवला आणि सांगितलं, की त्यांच्या सासऱ्यांच्या बागेतली कलमं मुळात अमेरिकेतून आलेली. "सेब का तो मायका है ये. इसीलिए देखने आई थी." विकासासाठी समितीने पाठवलेला धरणाचा फोटो मी त्यांच्यापुढे धरला. त्या कुठल्या धरणाजवळ राहत नव्हत्या. त्या म्हणाल्या, "सड़क आई. सड़क से सेब गया, फिर लड़का गया."

मी पेन काढलं. असं वाक्य हाती लागलं की फलक लिहिणाऱ्याला देव भेटल्यासारखं होतं. पण त्या पुढे म्हणाल्या, "और कुकर आया. कुकर सबसे अच्छा." मी दोन्ही लिहून घेतलं. सड़कवाल्या वाक्याची सगळ्यांनी वाहवा केली असती, पण कुकरशिवाय ते खोटं झालं असतं.

आता हिरवाई. किल्ल्यावर आपण अळीव आणि मोहरी पेरतो तशी बायकोने वाटीत भिजवून आणली. पेरण्याआधी अम्माजींनी तांब्याभर पाणी मागितलं आणि ते धौलाधारच्या डोक्यावर ओतलं. पाणी पायऱ्या भिजवत, वळणं घेत खाली आलं आणि माझ्या चपलेत शिरलं. त्या पहिल्यांदाच हसल्या.

"देखो, इसको पता है किधर जाना है," त्या म्हणाल्या. मग हसू ओसरलं. बाळाचं टोपडं नीट करत त्या माझ्या बायकोला म्हणाल्या, "तुम्हारे यहाँ पानी को भी पता नहीं, किधर जाए. मुझे क्या पता होगा?"

बायकोने हळूच विचारलं, तेव्हा सगळं बाहेर आलं. जूनमध्ये एकदा त्या बाळाला घेऊन बाहेर पडल्या होत्या. आमच्या वसाहतीतल्या सगळ्या इमारती एकाच पिवळट विटेच्या, एकाच दाराच्या. त्यांच्या गावात कुणी डावं-उजवं म्हणत नाही. घर वर असतं, शाळा खाली, मावशी आणखी वर. पाय चढतायत की उतरतायत एवढ्यावर माणूस डोळे मिटून घरी येतं. इथे पायांना काहीच सांगता येईना. बाळ रडायला लागलं. शेवटी टपाल टाकणाऱ्या बाईने बाळाच्या गाडीला लावलेला पत्ता वाचून त्यांना घरी पोचवलं. "बहू को मत बोलना," त्या म्हणाल्या. "वो दफ़्तर में बैठकर डरेगी. सोचेगी, इसके पास बच्चा कैसे छोड़ूँ?"

माझ्या बायकोने मत बोलना हे शब्द मान डोलवत ऐकले आणि तासाभरात सुनेला फोन केला. हे बरोबर की चूक यावर आमचं अजून एकमत नाही. टपालवालीपर्यंतचं सगळं तिला सांगितलं. मग ती मुलगी म्हणाली, "म्हणजे... माझ्यामुळे नाही?"

"नाही गं. मिशिगनमुळे."

पण कारण कळलं म्हणून मिशिगन काही चढ-उताराचं होत नाही. संध्याकाळी ऑफिसमधून परस्पर आमच्याकडे आलेल्या त्या मुलीने बाळ उचललं, सासूकडे पाहिलं आणि बाळाची पिशवी भरायला घेतली. तेवढ्यात माझ्यातला इंजिनियर जागा झाला. एरवी तो पगाराच्या वेळेतच जागा असतो. मी म्हणालो, "इथेही उतार आहे. असायलाच हवा. नाहीतर पाऊस पडल्यावर पाणी जाईल कुठे? ते मागचं तळं उगाच नाही खणलेलं."

"काका, ते डकसाठी आहे ना?"

"बदकं नंतर आली. आधी पाणी."

आम्ही सगळे बाहेर रस्त्यावर आलो. मी तांब्या भरून आणला आणि अम्माजींच्या हातात दिला. त्यांनी आमच्या दारासमोर डांबरावर पाणी ओतलं. पाणी पसरलं, थबकलं, त्याने थोडा विचार केला. शेजारचा एक अमेरिकन गृहस्थ कुत्रा फिरवत होता, तोही थांबला. रस्त्यावर पाणी ओतून त्याकडे टक लावून बघणाऱ्या चार भारतीयांबद्दल त्याने काय समजूत करून घेतली असेल, हे विचारायचं राहूनच गेलं. मग पाण्याची एक बारीक जीभ सुटली आणि हळूहळू तळ्याकडे निघाली.

"नीचे," अम्माजी म्हणाल्या.

"हां, मम्मीजी. तळं नीचे," सून म्हणाली. "आपलं घर उधर, ऊपर."

त्यांनी चपला काढल्या आणि अनवाणी चार पावलं तळ्याकडे गेल्या, वळल्या, परत आल्या. मला तो उतार आजही जाणवत नाही. त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या बाळाला घेऊन आमच्याकडे एकट्याच चालत आल्या. तांब्या मात्र बरोबर होता, न जाणो.

प्रदर्शनापर्यंत मोहरी बोटभर वाढली होती आणि हिमाचल गडद हिरवं झालं होतं. जिममध्ये एसी इतका जोरात होता, की ऑगस्टमध्ये अम्माजींना त्यांचा लोकरीचा पट्टू अंगावर घेता आला. अध्यक्ष हारासकट आले. त्यांनी फलक वाचले, कुकरपाशी जरा अडखळले आणि मग विचारलं, "इसमें शिमला कहाँ है?"

मी प्लायवुडवर बोट फिरवून शोधलं. शिमला नव्हतंच. प्लायवुड शिमल्याच्या थोडं अलीकडे संपत होतं. राजधानीच टेबलाबाहेर राहिली होती.

"पीछे है," अम्माजी शांतपणे म्हणाल्या.

अध्यक्ष टेबलाला वळसा घालून मागे गेले, तिथे बराच वेळ उभे राहिले आणि "वंडरफुल, वंडरफुल" म्हणत पुढे सिक्कीमकडे गेले.

तिकिटाचा विषय नंतर कुणी काढला नाही. ऑगस्ट संपला, सप्टेंबर गेला, अम्माजी रोज तळ्याला फेरी मारत राहिल्या. ऑक्टोबरात सुनेने त्यांना सफरचंदाच्या बागेत नेलं. झाडं फार बुटकी आहेत आणि मायकेवालों ने ख़याल नहीं रखा, असा शेरा त्यांनी दिला. वसाहतीतले इतर आजी-आजोबाही त्यांना रस्ता विचारू लागले. चेन्नईच्या एका आजोबांना त्यांनी किराणा दुकान सांगितलं: "ज़रा नीचे, फिर ऊपर ही ऊपर." आजोबा त्या सपाट रस्त्यावर उभे राहून आकाशाकडे बघत होते. सुनेचा जॉब राहिला आणि रश्श्याचं तिखटही राहिलं. अम्माजींच्या डोळ्यांत पाणी येतच होतं, पण आता त्या दुसऱ्यांदा वाढून घेत होत्या.

नोव्हेंबरात डेकेअर सुरू झालं की त्या जाणार होत्या; त्याआधी दिवाळी आली. प्लायवुड गॅरेजमध्येच होतं, मोहरी सुकली होती, म्हणून बायको म्हणाली, यंदा नवा किल्ला नको, यावरच पेरू. मातीचे मावळे आम्ही पायऱ्यांच्या शेतांतून उभे केले. महाराजांना मात्र कुठेच उभं राहता येईना. ते सुळक्यावरून घसरायचे. मी सुळका थोडा तासायला सुरी आणली, तर अम्माजींनी माझा हात धरला. मग त्यांनी महाराजांना उचललं आणि दोन डोंगरांच्या मधे, खाली, सिंहासनासकट बसवलं.

"घाटी में ठीक हैं," त्या म्हणाल्या.

बायकोने माझ्याकडे पाहिलं, महाराजांकडे पाहिलं आणि पणती लावायला घेतली. त्यानंतरचा एक पूर्ण आठवडा तिने मला एकदाही घाटी म्हटलं नाही.