सरदार रंगराव पान शहाण्णवला कुठे गेले

माझं शुद्धलेखन चुकतं आणि माझं अक्षर दुसऱ्या दिवशी माझं मलाच लागत नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. हे मी माझ्यापुरतंच लिहिते आहे. पण घरात माणसं आहेत, सांगता येत नाही.

आमच्या गावात प्रेमाच्या कादंबऱ्या वाचणारं एकच माणूस होतं, आणि ते माणूस मी होते.

गाव शिरूर तालुक्यात, घोडनदीच्या काठाला, इनामगावच्या अलीकडे. माझं माहेर दौंडकडचं राहू. तिथं चौथीपर्यंत शिकले, मग घरी बसून गोधड्या शिवायला शिकले. सासरी आल्यावर सगळ्यांना माझ्या दोन गोष्टी कळल्या. एक, हिला गोधडी छान येते. दोन, हिला बोलता येत नाही. दुसरी गोष्ट खरी नाही. मला बोलता येतं, फक्त माणसांसमोर येत नाही. सासऱ्यांसमोर तर मुळीच नाही. आबांना काही सांगायचं असलं तर मी सासूबाईंना, म्हणजे आत्यांना, सांगते आणि आबा शेजारी बसून ऐकतात. ("आत्या, आबांना म्हणावं पाणी तापलंय." मग आबा आत्यांना म्हणतात, "तिला म्हनावं, आलो.") आत्या नसल्या तर मी म्हशीला सांगते. म्हैस समजूतदार आहे. आजकालच्या सुना सरळ बोलतात हे मला माहीत आहे. मला ते जमत नाही, एवढंच.

ग्रामपंचायतीच्या मागे एका खोलीत गावाचं वाचनालय आहे. ते रोकडे मामा सांभाळतात. उंदीर डिंकासाठी पुस्तकांच्या पाठी कुरतडतात, पुस्तकं सुटतात, मग मामा ती युरियाच्या रिकाम्या गोणीत भरून माझ्याकडे आणतात. जिला गोधडी शिवता येते तिला पुस्तकही शिवता येतं, असं त्यांचं म्हणणं. दाभण आणि जाड दोरा आमचे हे दौंडच्या बाजारातून आणतात. मजुरी म्हणून मामा मला एक कादंबरी वाचायला ठेवून जातात. पहिल्यांदा त्यांनी प्रेमाची ठेवली, कारण ती कुणी मागतच नव्हतं. त्यानंतर मी दुसरी कसली मागितली नाही. (मागितली म्हणजे गोणीकडे नुसतं बघितलं. मामांना कळलं.)

एका सकाळी मामा गोणी टेकवून खाली बसले आणि म्हणाले, प्रेमाचं कपाट आता जाणार. पोलीस भरतीच्या आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांना जागा नाही, आणि या कपाटातलं पुस्तक कित्येक दिवसांत कुणी नेलेलं नाही. पुढच्या मीटिंगला ठराव, आणि मग सगळं कपाट रद्दीत, किलोवर. कमिटीचे अध्यक्ष कोण, तर आमचे आबा. ठराव मांडणार कोण, तर आमचे आबा.

"दोन-तीन वाचनारी मानसं दाखीव, कपाट ऱ्हातंय," मामा म्हणाले. "तुजं नाव सांगितलं असतं, पर तू गाव सोडून पळशील."

हे खरं होतं.

आता आमच्या घरात वाचणारी माणसं दोन. आबा वर्षातून एकदा वढूला जाऊन संभाजी महाराजांच्या समाधीवर डोकं टेकवतात, आणि ज्यात घोडा नाही त्याला ते पुस्तक मानत नाहीत. धाकटे दीर, बाळू भावजी, कंपनीत कामाला. ते कंपनीच्या बसमध्ये जाता-येता फक्त खुनाच्या कादंबऱ्या वाचतात. आत्यांना वाचता येत नाही. आबा मोठ्यानं वाचतात ते त्या ऐकतात, आणि लढाई सुरू झाली की मेथी निवडता निवडता पेंगतात.

अशा माणसांना प्रेम वाचायला कसं द्यायचं? मी कपाटातली सगळी पुस्तकं आठवून पाहिली. एकीत घोडा होता. म्हणजे टांग्याचा होता, पण घोडा होता. मामांनी ती आबांना दिली. आबांनी वरची मोगरा माळलेली मुलगी बघितली आणि "ह्ये लग्नाच्या अल्बमवानी दिसतंय" म्हणून परत केली. भावजींसाठी मी दुसरी निवडली, तिच्यात नायिका बेपत्ता होते. (मामाच्या गावाला गेलेली असते, पण नवऱ्याला माहीत नसतं.) भावजींनी बुटात पाय घालता घालता विचारलं, "वैनी, ह्यात मर्डर कितव्या पानावर हाय?" मी भांडी घासताना खूप आठवलं. एक कोंबडी मरते. पण ती पाहुण्यांसाठी.

मी नाद सोडला. पुढचं जे घडलं त्यात माझी काही अक्कल नाही, हे मुद्दाम लिहून ठेवते.

त्या खेपेला गोणीत दोन पुस्तकं अगदी सुटलेली होती. एक आबांची आवडती लढाईची आणि एक माझी प्रेमाची. मी दोन्ही पूर्ण उसवली आणि पानांच्या जुड्या बाजेवर उन्हाला टाकल्या. तेवढ्यात अंगणात वावटळ आली. सगळ्या जुड्या गोठ्यात. मी गोळा करून आणल्या, आणि गोधडीला तुकडे निवडते तशा निवडल्या. मापाला माप, रंगाला रंग. जास्त पिवळ्या जुड्या एकीकडे, कमी पिवळ्या दुसरीकडे. मग पानांचे आकडे जुळवले. एका गठ्ठ्यात शहाण्णवनंतर सत्त्याण्णव आलं, दुसऱ्यातही आलं. आकडे मला येतात. शिवून टाकलं.

आता मला कळतं की लढाईच्या पुस्तकाचा पुढचा भाग पिवळा होता, कारण गावातले सगळे ते सुरू करतात आणि सोडून देतात. आणि प्रेमाच्या पुस्तकाचा मागचा भाग पिवळा होता, कारण शेवट मीच पुन्हा पुन्हा वाचला होता. पण गोधडीत असं कुणी बघतं का?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आबा ओसरीवर पुस्तक घेऊन बसले. आबांनी तरुणपणी मेंढरं राखलेली. माळाच्या या टोकावरून त्या टोकाच्या कुत्र्याला हाक मारायची सवय, त्यामुळे त्यांचं हळू वाचणंसुद्धा आळीभर ऐकू जातं. मी आत भाकरी करत होते. सरदार रंगराव गडाखाली पोचले होते. मशाली पेटल्या होत्या. रंगरावांनी तलवार उपसली. पान संपलं.

"त्याने हळूच तिचा हात हातात घेतला," आबा गरजले. "सुनंदा! तुझ्या केसांतल्या मोगऱ्याने मला वेड लावलं आहे!"

समोरच्या घरातला टीव्ही बंद झाला.

माझी भाकरी करपली. आबांनी डावीकडचा आकडा बघितला. शहाण्णव. उजवीकडचा बघितला. सत्त्याण्णव.

"पान तर बराबर हाय," ते म्हणाले.

आत्या जाग्या झाल्या होत्या. "थांबला कशापायी? ती काय म्हनली?"

आबांनी शहाण्णव पुन्हा वाचून काढलं. मग म्हणाले, "रंगराव वेश पालटून शत्रूच्या गोटात गेल्यालं दिसत्यात."

"मंग वाचा की. गोटात काय झालं?"

आबांनी वाचलं. दुसऱ्या दिवशीही वाचलं. पुढे पुस्तकात 'डॉक्टर' आले, तेव्हा रंगरावांनी वैदूचं सोंग घेतलंय असं ठरलं. सुनंदाची आत्या तिला घराबाहेर पडू देईना, तेव्हा आमच्या आत्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली आणि त्या बाईला नाव ठेवायला सुरुवात केली. पेंगणं बंद. समोरच्या घरातली माणसं पाणी मागायला येऊ लागली आणि पाणी पिऊन जाईनात.

बाळू भावजींना हे सगळं ऐकून राहवेना. "आबा, ह्यो वेश पालटायचा मॅटर न्हाई. ही मिसिंगची केस हाय," म्हणून ते पुस्तक बसमध्ये घेऊन गेले. दोन शिफ्टमध्ये वाचून काढलं. माणूस शेवटचा दिसला तो गडाखाली, आणि पुढच्याच पानावर सुनंदा, तेव्हा संशय सरळ तिच्यावर.

"लय गप बसती ती," भावजी म्हणाले. "गप बसनाऱ्या बाईला समदं ठाऊक असतं."

मी दळण घेऊन बाहेर गेले.

सुनंदा माझ्या पुस्तकातली हे मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं, पण ती तिथं कशी गेली ते मला खरंच ठाऊक नव्हतं. ते कळलं मी माझं पुस्तक उघडल्यावर. डॉक्टरांनी दार वाजवलं, सुनंदानं दार उघडलं, आणि पुढच्या पानावर तोफ उडून तीनशे माणसं कामी आली. आधी मला वाटलं, हे मागच्या खेपेला माझ्या नजरेतून सुटलं असेल. मग घोडे आले. मग हत्ती आले. तेव्हा कुठे मी दोन्ही पुस्तकांची शिवण बघितली आणि खाली बसले.

सांगितलं तर आबा चिडणार, ठराव होणार, कपाट रद्दीत. नाही सांगितलं तर आबा आयुष्यभर सुनंदाच्या दारात रंगरावांना शोधणार. मी म्हशीला विचारून पाहिलं. ती वैरण खात राहिली.

मीटिंग आमच्याच ओसरीवर भरली, कारण अध्यक्षांकडे चहा असतो. आत्या गिरणीत गेल्या होत्या. मी आत कप भरत होते आणि कान बाहेर होते. आबांनी ठराव मांडलाच नाही. म्हणाले, समदं कपाट तपासल्याबिगर एक पुस्तक हालायचं नाही, सरदार सुनंदाच्या दारात दडतात, तसा त्या मोगऱ्याच्या पुस्तकांतही इतिहास दडलेला असणार.

कमिटीतले नाना म्हणाले, "आबा, त्ये प्रेमाचं कपाट हाय. ह्या वयात कशाला?"

सगळे हसले. रोकडे मामा सोडून. मामांनी दाराकडे, म्हणजे माझ्याकडे, बघितलं.

"प्रेम न्हाई, इतिहास हाय," आबा म्हणाले. "थांबा, वाचूनच दावतो." आणि पुस्तक घ्यायला आत आले.

कपाट माझं होतं. म्हणजे गावाचं होतं, पण वाचणारी मी एकटीच, तेव्हा माझंच, आणि मी गप्प राहिले तर ते राहणार होतं. पण पुस्तक हातात घेऊन आबा बाहेर निघाले, आणि ते चार माणसांसमोर त्या गरजणाऱ्या आवाजात काय वाचणार आहेत ते माझ्या डोळ्यांसमोर आलं. आत्या नव्हत्या. म्हैस लांब होती. म्हणून मी चहाच्या कपांना सांगितलं.

"सत्त्याण्णवपासनं दुसरं पुस्तक हाय. प्रेमाचं. शिवताना माझ्याकडनं चुकलं, त्याचा पयला भाग तोफांच्या पुस्तकाला जोडला. रंगराव कुठं बी गेल्यालं न्हाईत."

एवढं लांब मी त्या घरात कधी बोलले नव्हते.

आबा उंबऱ्यात उभे राहिले. पुस्तक उघडलं, मिटलं. मला वाटलं आता ते चुलीत जाणार, आणि माझं काय होणार ते कपांनाच माहीत. पण आबा बाहेर गेले आणि सावकाश खाली बसले.

"नाना म्हनतोय त्ये खरं हाय," ते म्हणाले. "प्रेमाचंच हाय. पर आता आणलंय तर वाचतो."

हसणं झालं. टाळ्या देणं झालं. आबा वाचतच राहिले, त्याच आवाजात. दहाएक पानांनी हसणं थांबलं. मी चहा पुन्हा केला. भिंतीपलीकडे शेजारची माणसं उभी राहून ऐकत होती. डॉक्टर गाव सोडून निघाले तेव्हा नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. शेवटचं पान झालं.

मग नाना म्हणाले, "आन् ही सुनंदा आधी कोन व्हती? हितं कुठनं आली?"

"त्याला पयला भाग वाचाया लागंल," आबा म्हणाले. "त्यो तोफांच्या पुस्तकात शिवलाय."

नाना ते पुस्तक त्याच संध्याकाळी घेऊन गेले. मामांनी त्यांचं नाव मुद्दाम मोठ्यानं म्हणत लिहून घेतलं. भरतीच्या पुस्तकांसाठी भिंतीला फळ्या ठोकायचं ठरलं. कपाट राहिलं, आणि मला सगळे विचारू लागले, माझ्या बायकोला अमुक आवडतं, मला तमुक आवडतं, ह्यातलं कुठलं प्रेमाचं चालंल? मी उत्तर म्हशीला देते. ते ऐकतात.

नानांनी पुस्तक परत आणल्यावर मी दोन्ही उसवली आणि या वेळी एकेक ओळ वाचत नीट शिवली. आबांच्या हातात त्यांची लढाई अखंड ठेवली. आबा खूश होऊन ओसरीवर बसले. मशाली पेटल्या, तलवार उपसली, पान संपलं, आणि सत्त्याण्णवच्या पहिल्याच ओळीत रंगराव पडले. छातीत गोळा लागून, जागेवर.

आबांनी पुस्तक मिटलं. चहा निवला.

आत्या म्हणाल्या, "आन् सुनंदाला कुनी कळवलं का न्हाई?"

आबा उठले, आत आले, आणि आत्यांकडे न बघता, म्हशीकडे न बघता, सरळ मला म्हणाले, "पोरी, उसव त्ये. व्हतं तसं शिव."

मी शिवलं. ते पुस्तक आता लढाईच्या कपाटात ठेवायचं की प्रेमाच्या, हे मामांना कळत नाही. मलाही कळत नाही. चौथी शिकलेल्या बाईनं इतिहासात किती हात घालावा, हेही कळत नाही. पण परवा बाळू भावजी त्यांची एक खुनाची कादंबरी घेऊन आले. म्हणाले, "वैनी, ह्यातला खुनी मानूस म्हनून लय चांगला हाय. त्याला पकडू द्यायचा न्हाई. त्याचं कुठं जमतंय का बघा."

मी बघते आहे. मुलगा पान एकशे चव्वेचाळीसपर्यंत मोकळा आहे. त्याच मापाची, त्याच पिवळ्या रंगाची, एकशे पंचेचाळीसपासून पुढची एखादी मुलगी हवी आहे.