मोठेबाबांचा एक नंबर

आमच्या मोठेबाबांच्या जगात कुठलीही वस्तू 'बरी' नसते. ती एक नंबर असते, नाही तर ती तोंडात घालायची नसते, अंगावर घालायची नसते आणि शक्यतो तिच्याकडे बघायचंही नसतं. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. भीमपूरकडच्या आमच्या गावात ते वांगी आणि टमाटे पिकवतात आणि आदिलाबादच्या बाजारात स्वतः बसून विकतात. विकतात म्हणायचं एवढंच. माल मनासारखा उतरला नसेल तर समोर उभ्या गिऱ्हाइकाला तेच सांगतात, "बाई, आज माह्या वांग्यात दम नाई. त्या कोपऱ्यातल्या आजीकडचे घ्या, एक नंबर हायेत." मोठीआई शेजारी बसून कपाळाला हात लावते. ती आजी मात्र दर आठवड्याला मोठेबाबांना चहा पाजते.

एक नंबर शोधायची त्यांची पद्धत साधी आहे. बनवणाऱ्याला विचारायचं, "तू सोता खातं का?" बस स्टँडजवळच्या एका भजीवाल्यानं "मला पित्त होतं" असं खरं सांगितलं, तेव्हापासून मोठेबाबा उपाशीपोटी त्याच्यासमोरून पुढच्या चौकापर्यंत चालत जातात. एकदा ते दाढीला बसले होते. अर्ध्या गालाला साबण लागल्यावर त्यांना प्रश्न सुचला, "काऊन रे, तुही दाढी कोण करते?" न्हाव्यानं पलीकडच्या गल्लीतल्या दुकानाचं नाव सांगितलं. मोठेबाबा उठले आणि गळ्याभोवतीच्या कापडासकट पलीकडच्या गल्लीत गेले. तिथल्या न्हाव्यालाही त्यांनी तेच विचारलं. त्याची दाढी पहिला न्हावी करत होता. मोठेबाबा परत आले तेव्हा साबण वाळून गेला होता, पण चेहऱ्यावर समाधान होतं. "दोघंही एक नंबर निंगाले," असं ते आजही सांगतात.

अशा माणसाच्या मुलीनं हैदराबादेत पिझ्झा बनवणाऱ्याशी लग्न करायचं ठरवलं. कांचन तिथल्या एका तपासणी केंद्रात रक्ताचे नमुने तपासते. प्रवीण मूळचा निर्मलचा, मराठी घरातला, आईबाप लहानपणीच गेलेले. मामाकडे वाढला, शहरात कुठल्या कुठल्या स्वयंपाकघरांत राबला आणि शेवटी चार टेबलांचं स्वतःचं दुकान टाकलं. आमच्या भावकीला त्याच्या कष्टांशी देणंघेणं नव्हतं. "पोळ्या लाटणारा जावई करता का?" असं म्हणून थोरली मंडळी हसत होती. मोठेबाबा हसले नाहीत. "लाटते तं लाटते," ते म्हणाले. "कशा लाटते थे पाहू."

आमच्याकडे सोयरीक पाहायला घरातली दोन माणसं जातात. तोंडानं होकार-नकार द्यायची रीत नाही. समोरच्या घरानं वाढलेलं ताट दोघंही जेवले तर सोयरीक पक्की. एकानंही ताट सरकवलं तर नाही. कुणी कारण विचारत नाही आणि कुणाचा अपमानही होत नाही. प्रवीणचं घर म्हणजे त्याचं दुकानच, म्हणून ताटही तिथेच वाढलं जाणार होतं. मोठेबाबांनी दुसरा माणूस म्हणून मला निवडलं. भावकीतल्या कुणाला नेलं असतं तर तो घरूनच ताट सरकवून निघाला असता.

मी तेव्हा पंचवीसचा होतो. आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. वडील शिक्षकांच्या चळवळीत होते आणि मी अक्षरं गिरवली ती त्यांच्या उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर. त्या वर्षी परदेशी कंपन्यांच्या खाण्यावर बहिष्कार घालायचं पत्रक मी स्वतः लिहिलं होतं आणि आदिलाबादच्या कॉलेजांबाहेर वाटत होतो. हैदराबादच्या पहाटेच्या बसमध्ये मी मोठेबाबांना ते वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "हे लिवणारा एक नंबर हाय. पण पिझ्झा तं खाशीन ना?" मी म्हणालो, पाहू. मग निर्मलच्या घाटात मी दुसरा विषय काढला. मुलीचं लग्न मुलीनं ठरवायचं, बापानं पोराच्या हातची चव बघून ठरवणं ही सरंजामी पद्धत आहे, असं बरंच बोललो. मोठेबाबा खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "तिनं ठरवलंच हाय बाप्पा. मी फक्त गावाले सांगाले तोंड शोधून राह्यलो." हे वाक्य मी ऐकलं. त्यावर विचार करण्याऐवजी मी पुढचा मुद्दा मांडला.

सरळ प्रवीणकडे जाणं मोठेबाबांच्या स्वभावात बसणारं नव्हतं. आधी शहरातला सगळ्यात चांगला पिझ्झा कळल्याशिवाय त्याचा कितवा नंबर हे कसं कळणार? दुपारी पहिल्या दुकानात शिरलो, म्हणजे ते शिरले. ते काचेचं, थंडगार, कंपनीचं दुकान असल्यामुळे मी फूटपाथवर उभा राहिलो. दार उघडलं की त्यांचा आवाज बाहेर येत होता. गल्ल्यावरच्या मुलीला ते बाजारातल्यासारखं म्हणत होते, "बेटी, जरा चखने कू दे." ती म्हणाली, "अंकल, चखने का नहीं रहता." "फिर आदमी लेगा कैसा?" तिनं दरांच्या पाटीकडे बोट दाखवलं. त्यांनी सगळ्यात लहान पिझ्झा घेतला आणि तो घेऊन आत पिझ्झा बनवणाऱ्यापर्यंत पोहोचले. बाहेर आले ते निकाल घेऊनच. "थो म्हणते, मी घरून डबा आणतो. नंबरच नाई." दुसरीकडे पांढऱ्या रुमालांचं मोठं हॉटेल होतं. तिथेही मी दाराबाहेरूनच पाहत होतो. त्यांनी काळं ऑलिव्ह बोटात धरून वेटरला दाखवलं आणि हे करवंद कुणी खारवलं म्हणून चौकशी केली. टमाट्याबद्दल मात्र ते गंभीर झाले. "लय शिजवला रे. टमाट्याले टमाटा राहू द्या लागते." तिसरी एक हातगाडी होती, तव्यावर पिझ्झा भाजणारी. गाडीवाली बाई म्हणाली, रोज दुपारी मी हाच खाते. मोठेबाबांनी तिला तिथल्या तिथे दोन नंबर देऊन टाकला आणि अर्धा तुकडा माझ्यापुढे धरला. ही कंपनी नव्हती, पण आता मी चिडलो होतो. दुपारभर उन्हात उभं राहून केलेला बहिष्कार एका तुकड्यासाठी कशाला मोडू, असं मला वाटलं. मी मान हलवली. "बरं," ते म्हणाले, "पोट रिकामं ठेव. संध्याकाळी लागन."

संध्याकाळी पाचला प्रवीणच्या दुकानात पोहोचलो. त्यानं दुकान त्या दिवशी इतरांसाठी बंद ठेवलं होतं. विटांची भट्टी पेटलेली होती. पाय धुवायला त्यानं बादली आणि लोटा बाहेर ठेवला होता. हैदराबादच्या रस्त्यावर, पिझ्झाच्या दुकानाबाहेर लोटा! मोठेबाबांनी पाय धुतले. मीही धुतले. कांचन आली नव्हती. माझ्यासमोर तुम्हाला नीट जेवता येणार नाही, असं तिनं फोनवर सांगितलं होतं, आणि ती तिकडे कामावर फोन हातात धरून बसली होती. प्रवीणनं पुठ्ठ्याची खोकी काढली नाहीत. स्टीलची दोन नवी ताटं मांडली, पिझ्झा वाढला आणि हात बांधून बाजूला उभा राहिला. मोठेबाबांनी विचारलं, "तू सोता खातं का?" तो म्हणाला, "रोज. उरलेला नाही, पहिला काढतो तो खातो. बिघडला तर मलाच कळावा म्हणून." मोठेबाबांचा चेहरा असा फुलला की मी तो तसा नंतर कधी पाहिला नाही. त्यांनी पहिला घास घेतला. डोळे मिटले.

आणि मी ताट सरकवलं.

मला रीत माहीत नव्हती असं नाही. पण माझ्या डोळ्यांपुढे ताट नव्हतं, पिझ्झा होता. "राग मानू नका, हा तत्त्वाचा प्रश्न आहे," असं म्हणून मी सुरुवात केली. मैदा, चीज, खाण्यापिण्यावरची कंपन्यांची पकड, आपली ज्वारी. मी चांगलं बोलत होतो.  मी थांबलो तेव्हा प्रवीण म्हणाला, "बरोबर आहे, दादा." आणि त्यानं दोन्ही हातांनी माझं ताट उचलून आत नेलं. तो निर्मलचा होता. त्याला आमची रीत कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मोठेबाबा सगळं ताट जेवले. सावकाश, कडेचा करपलेला भागसुद्धा. बाहेर रस्त्यावर आले. मग म्हणाले, "एक नंबर हाय रे." मी म्हणालो, मग झालं तर, तसं सांगा गावात. "आता काय सांगू? तू ताट सारलं ना." मी म्हणालो, असल्या रिती आपण मोडल्या पाहिजेत. ते म्हणाले, "मोडाच्या असन तं आधी जेवतं अन् मंग मोडतं ना बावा."

गावात भावकीची बैठक बसली तेव्हा थोरल्यांनी एकच प्रश्न विचारला, दोघं जेवले का? वांग्यात दम नाही हे स्वतःहून सांगणारा माणूस खोटं कसं बोलणार? "मी जेवलो. थो नाई जेवला." तेवढं पुरलं. मी त्या बैठकीत उभा राहून तासभर बोललो. मी त्या मुलाला नाकारलं नव्हतं, कंपन्यांना नाकारलं होतं, हे हरतऱ्हेनं समजावलं. एक चुलतआजोबा सुपारी कातरत म्हणाले, "तुहंच तं ऐकून राह्यलो आमी. तूच खाल्लं नाई, आमी काऊन खावं?" सगळे हसले. प्रवीणलाही मी फोन केला. तो शांतपणे "हो दादा, समजलं" म्हणाला. नंतर कांचनला त्यानं सांगितलं की ज्या घरात एकाचाही नकार आहे तिथे मी येणार नाही. ती त्याच्याशी भांडली, बापाशी भांडली. माझ्याशी भांडली नाही. फक्त एकदा विचारलं, "दादा, तुहं बोलणं सगळं खरं व्हतं. पण एक घास खाल्ला असता तं खोटं पडलं असतं का?"

कांचन अजून हैदराबादेतच आहे, एकटी. बहिष्काराचं ते पत्रक मला आजही बरोबर वाटतं. त्यातला एक शब्दही मी बदलणार नाही. पण मोठेबाबा आता कुठे जायचं असलं की मला 'चल' म्हणत नाहीत. न्हावी, भजी, चहा सगळं चालू आहे, नंबरही देतात, फक्त माझ्यासमोर देत नाहीत.

मागच्या उन्हाळ्यात कामासाठी हैदराबादला गेलो होतो. प्रवीणचं दुकान शोधत गेलो. पाटी तीच होती, भट्टी तीच होती, भट्टीपाशी दुसराच माणूस होता. प्रवीण नागपूरला गेला, त्या माणसानं सांगितलं, दुकान मला देऊन गेला. मी एक पिझ्झा मागवला आणि सगळा खाल्ला. चांगला होता. प्रवीणच्या हातचा याहून चांगला होता की नाही, हे आता मला कधीच कळणार नाही. मोठेबाबांना फोन लावला. ते वांग्यांवरच्या अळीबद्दल पुष्कळ वेळ बोलले, मग इकडचा ताटल्यांचा आवाज ऐकू गेला असावा, मध्येच थांबले.

"काय खाऊन राह्यला रे?"

"काही नाही, मोठेबाबा," मी म्हणालो.