बिनक्लचची गाडी

माझ्या हातनं गेलेला गिअरबॉक्स परत उघडायला लागला, असं सांगणारा एक माणूस बारामती-इंदापूर रस्त्यावर मला दाखवा. सापडायचा नाही. हे मी आजही छाती पुढं काढूनच सांगतो. ज्याला ही बढाई वाटते त्यानं इथंच थांबावं, कारण पुढं मी याहून वाईट दिसणार आहे.

नव्वद सालानंतरची गोष्ट. बारामतीच्या बाहेर, इंदापूर रस्त्याला माझं पत्र्याचं गॅरेज होतं. काम फक्त गिअरबॉक्सचं. ट्रक, जीप, ट्रॅक्टर, जे येईल ते. आम्ही मूळचे लोणी भापकरचे. आजोबांपर्यंत मेंढरं राखली. वडलांच्या काळात मेंढरं गेली, मग थोरल्या भावाच्या हाती स्टेअरिंग आलं आणि माझ्या हाती पाने-पकडी.

थोरला भाऊ म्हणजे आमचा दादा. तो बारामती ते इंदापूर वडापची, म्हणजे वाटेत माणसं भरत जाणारी जीप मारायचा. फाट्यावर उभी असलेली माणसं धूळ दिसायच्या आधी आवाजावरनं सांगायची, "गेअर टाकल्याला कळत न्हाय, म्हंजी त्योच आला." म्हातारी माणसं दुसरी जीप सोडून त्याच्या जीपला थांबायची. वडील तर चारचौघांत म्हणायचे, "हात असावा तर थोरल्यासारखा." अहो, पण त्या जीपचा गिअरबॉक्स कुणी बांधला होता? मी! ते कुणाच्या ध्यानीमनी नाही. मला ते झोंबायचं. खोटं कशाला बोलू, फार झोंबायचं.

मग एका दुपारी दादा रस्त्यात अडकलेल्या उसाच्या ट्रॉलीला हात द्यायला खाली उतरला. ट्रॉलीची पिन निसटली आणि ट्रॉलीचं लोखंडी तोंड त्याच्या डाव्या पायावर आलं. पाय मांडीतून काढावा लागला. तीन पेडल आणि एक पाय, कसं जमायचं? जीप विकली. दादा कुबडी घेऊन माझ्या घरी राहायला आला. दोन वर्षं तो गॅरेजच्या दारात बाकड्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकायचा. "ह्याचा तिसरा गेअर ओरडतुया," असं आपलं बसल्या बसल्या सांगायचा. मी म्हणायचो, "ऐकून पोट भरत असंल तर ऐक." घरात ताट वाढताना मी एकदा त्याला आयतोबा म्हणालो. बायकोनं माझ्याकडं बघितलं. दादानं भाकरी मोडली आणि खाल्ली.

अशात वरकुट्याचे एक बागायतदार आबा एक परदेशी गाडी ट्रकवर घालून घेऊन आले. डाळिंबानं त्यांना हात दिला होता, आणि मुंबईत कुणाची तरी जुनी मोटार त्यांना पसंत पडली होती. लांबलचक, पांढरी, आतून सोफ्यासारखी. "ह्या गाडीला क्लचच न्हाय," आबा म्हणाले. "आपसूक गेअर पडत्यात म्हनं. पर पडत न्हाईत. इंजन बोंबलतंय आन गाडी जागची हालत न्हाय."

क्लचच न्हाय. ते ऐकून बाकड्यावरचा दादा उभा राहिला. कुबडी खाली पडली तरी त्याला कळलं नाही.

त्यानं आबांना तिथल्या तिथं विचारलं, "आबा, ड्रायव्हर कोन ठेवनार?"

आबांनी त्याच्याकडं खालपासून वरपर्यंत बघितलं. "तुला ठिवू व्हय? लोक म्हनतील, आबाला धड मानूस मिळंना." पण मग त्यांनाच काय वाटलं कुणास ठाऊक. म्हणाले, "गाडी तयार झाली की मला इंदापूरला निऊन आन. तुझा भाऊ मेस्त्री हाय, त्यो संगं बसंल. त्यो म्हनला ह्यो चालतुया, तर बघू."

म्हणजे दादाची नोकरी माझ्या एका शब्दावर आली. बारामती काय, आख्ख्या तालुक्यात एक पाय असलेल्या ड्रायव्हरला चालेल अशी ती एकच गाडी होती. ही गेली की दुसरी नव्हती. हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही.

मी गिअरची पेटी उघडली. जळक्या तेलाच्या वासानं डोकं धरलं. आधीच्या कुणी शहाण्यानं त्यात ट्रकचं जाड गिअर ऑईल ओतलं होतं. अरे बाबा, ह्या पेटीत तेल नुसतं वंगणाला नसतं. तेलाच्या दाबानं आतल्या प्लेटा एकमेकींना आवळतात, तेव्हा गिअर पडतो. जाड तेलानं दाब वेळेवर पोचेना, म्हणून प्लेटा घसरून घसरून करपल्या होत्या. मी मुंबईच्या जुन्या बाजारातून प्लेटा आणल्या, लाल पातळ तेल आणलं. वालचंदनगरचा एक ओळखीचा टर्नर होता, त्याच्याकडून पोलादी प्लेटा घासून जरा पातळ करून घेतल्या आणि वाचलेल्या जागेत एक प्लेट जास्तीची बसवली. पकड वाढली. दाबाची स्प्रिंग कडक घातली. उन्हाळ्यात तेल तापू नये म्हणून मोडीतल्या ट्रॅक्टरचा छोटा कूलर पुढं जोडला. असलं काम कुठं लिहिलेलं नव्हतं. ते मी डोक्यानं केलं.

डोक्यानं केलं, पण कानानं नाही. गाडी चालायला लागली तेव्हा मला वाटलं, झालं. दादा स्टेअरिंगवर बसला, रस्त्यानं एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, "दुसऱ्यातनं तिसऱ्यात जाताना क्षणभर मोकळी सुटती. तितं प्लेटा जळनार."

मला काहीच जाणवलं नव्हतं. मी चिडलो. "मेस्त्री तू का मी?"

"तू. पर सुटती."

शिव्या घालत पेटी उतरवली. आत एक रबरी रिंग केसाएवढी चिरलेली होती, तिथून दाब गळत होता. रिंग बदलली. मग तो म्हणाला, स्प्रिंग फार कडक झालीय, गाडी माणसाला ढकलती. पुन्हा उतरवली. तीन वेळा पेटी खाली आली, आणि तिन्ही वेळा तो बरोबर निघाला. शेवटी गिअर असा पडायला लागला की पडला हे फक्त इंजिनाचा आवाज उतरला त्यावरून कळावं. दादा गाडीतच बसून राहिला, हात स्टेअरिंगवर ठेवून. "माझ्यासारका टाकती बग," म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. मी फडक्यानं हात पुसत दुसरीकडं बघितलं.

इंदापूरला निघायच्या दिवशी त्यानं कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता. डावी विजार दुमडून पिन लावली होती. मला बाजूला घेऊन म्हणाला, "बारक्या, तू फकस्त व्हय म्हन. बाकी मी बगतो." आयुष्यात त्यानं माझ्याकडं मागितलेली ती पहिली गोष्ट.

आबा मागं बसले, मी पुढं. आणि दादानं गाडी काय चालवली! बैलगाड्यांच्या रांगेतून, उसाच्या ट्रॉल्यांच्या मधून, खड्डे चुकवत. वालचंदनगरच्या फाट्याजवळ आबा मागं झोपून गेले, तोंड उघडं टाकून. इंदापुरात चहा झाला, परत निघालो, आबा परत झोपले. ड्रायव्हरला याहून मोठं सर्टिफिकेट नाही.

गॅरेजपुढं गाडी उभी राहिली. चहाच्या टपरीवरची दहाबारा माणसं गोळा झाली. दादा दार धरून कुबडीशिवाय उभा होता. त्यातला एक जण म्हणाला, "अरं, हात न्हाय गेला ह्याचा! गेअर पडल्याला कळला न्हाय." दुसरा म्हणाला, "थोरला त्यो थोरलाच."

थोरला त्यो थोरलाच! तीन वेळा पेटी मी उतरवली. पाठ माझी मोडली. आणि नाव पुन्हा ह्याचंच?

तेवढ्यात आबांनी मला विचारलं, "काय मेस्त्री, ड्रायव्हर कसा वाटला?"

उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हणालो, "ड्रायव्हर कसला घेऊन बसलाय, आबा! अशी पेटी बांधलीय, आता हिच्यात मेंढरू बसवलं तरी इंदापूरला जाऊन यील."

हसली हो माणसं. पोट धरून हसली. आबा सगळ्यांत जास्त. "मेंढरू? मग मी काय वाईट हाय!" म्हणाले, आणि दादाच्या हातातली किल्ली त्यांनी हसत हसतच काढून घेतली. दादाचा हात तसाच पुढं राहिला. मग त्यानं दार सोडलं, कुबडी घेतली आणि बाकड्यावर जाऊन बसला.

आठवड्यानं गाडी दोरानं ओढत परत आली, नाक चेपलेलं. आबांचा ओठ सुजलेला. जन्मभर ट्रॅक्टर आणि जीप चालवलेला माणूस. समोर म्हैस आली, डावा पाय सवयीनं क्लच दाबायला गेला, तिथं ब्रेक होता. तो असा दाबला की आबांचं तोंड स्टेअरिंगवर आपटलं. बिचकून ब्रेक सोडला आणि दुसरा पाय पेट्रोलच्या पेडलवर पडला, गाडी पाण्याच्या चारीत. पेटीला मात्र काही झालं नव्हतं. ते मी आधी बघून घेतलं.

दादा बाकड्यावरनं उठून आला. कधी कुणापुढं हात न जोडणारा माणूस, त्यानं जोडले. "आबा, ह्या गाडीत डाव्या पायाचीच भीती हाय. दोन पायाच्या मानसाचा डावा पाय गप बसत न्हाय. मला त्यो पायच न्हाय. माझ्याइतका सुरक्षित ड्रायव्हर तुमाला घावनार न्हाय."

अगदी खरं बोलत होता. शंभर टक्के. आबांनी माझ्याकडं बघितलं, मेस्त्री काय म्हणतोय म्हणून. एवढं "व्हय" म्हणायचं होतं. मी चेपलेल्या नाकावरचा पत्रा तपासत राहिलो. का? आधीचा शब्द मागं घ्यायला लागला असता, आणि टपरीवरची माणसं बघत होती. बस, एवढंच कारण. दुसरं काही शोधलं तरी सापडत नाही.

"पाव्हन्यांच्या दारात गाडीतनं कुबडी उतरली तर बरं दिसत न्हाय," आबा म्हणाले.

त्यांनी इंदापूरकडचा एक तरणा ड्रायव्हर ठेवला, धडधाकट, दोन पायांचा. तोही दोनदा तसाच ब्रेकवर उभा राहिला. तेव्हा त्याचा डावा पाय सीटच्या दांडीला उपरण्यानं बांधायला सुरुवात केली. उपरणं ढिलं व्हायचं. म्हणून आबा एक दिवस एकटेच गाडी घेऊन आले, स्वतःचा डावा पाय सीटवर दुमडून घेतलेला, आणि म्हणाले, "मेस्त्री, एक चामड्याचा पट्टा लाव हितं, बकलाचा. पाय आवळून बसला पायजे."

मी चामडं घेतलं, सुतळी घेतली. "माप?"

"घे कुनाचंबी. ड्रायव्हर पोरगा तुझ्या भावाच्याच अंगाचा हाय."

आबा सहज बोलले. त्यांच्या मनातही काही नव्हतं. मी म्हणणार होतो की माझंच घेतो. पण दादानं बाकड्यावर बसल्या बसल्या उजव्या पायाची विजार गुडघ्यापर्यंत वर केली आणि पाय पुढं केला.

"घे," म्हणाला.

मी गुडघ्यावर बसलो. त्या पायाला हात लावून 'चुकलं' म्हणायला तेवढीच जागा होती आणि तेवढाच वेळ होता. मी सुतळी पोटरीभोवती फिरवली, गाठ मारली, आणि वर न बघता विचारलं, "घट्ट होतंय का?"

"बरुबर हाय," दादा म्हणाला. "पट्ट्याला एक भोक जास्ती पाड. पोराचा पाय दुखला तर ढिला करता यील."