तारेच्या टोकाचं टोपण

साखर कारखान्याच्या कॉम्प्युटरच्या खोलीत मी झाडलोट करायची. रोजंदारीवर. यंदाच्या हंगामात कायम करतो, असं कचेरीचे साहेब म्हणाले होते. शिक्षण माझं चौथी.

खोलीत एक मोठा कॉम्प्युटर आणि पाच लहान. लहानांच्या पोटात काहीच नव्हतं. बटण दाबलं की ते एका लांब तारेतून मोठ्याकडनं सगळं मागून घेत आणि मग कामाला लागत. ही जोडणी पुण्याच्या इंजिनिअरनं केली. कपाटामागं अंधार, म्हणून बॅटरी मी धरली. तारेच्या टोकाला त्यानं बोराएवढं चकचकीत टोपण दाबून, पीळ देऊन बसवलं.

"हे कशाला?"

"मावशी, टोक उघडं राहिलं तर तारेतलं बोलणं आदळून माघारी येतं. मग कुणाचंच कुणाला कळत नाही."

जाताना मला बजावलं, "धूळ नको. चपला बाहेर, कुणाच्याही असोत." साहेब तेवढे चपला घालून यायचे.

खंडेनवमीला कारखान्यात हत्यारांची पूजा झाली. दसऱ्याची सुट्टी संपली आणि पाचातला एकही कॉम्प्युटर सुरू होईना. मोठा तेवढा चालू. दुसऱ्या दिवशी गव्हाणीत उसाची पहिली मोळी पडून हंगाम सुरू व्हायचा होता. पुण्याला फोन लागेना.

साहेबांनी माझ्याकडं बोट केलं. "हिनंच फडकं मारताना काहीतरी उपटलं. बाई, उद्यापासून येऊ नको."

मी काही उपटलं नव्हतं. पण माझं मानणार कोण?

जाण्याआधी भांडारातलं पूजेचं निर्माल्य काढायचं राहिलं होतं. आमच्या घरात ही पूजा नाही, पण निर्माल्य काढायला मीच. पान्हे, हातोडे, वजनं यांच्यात हळद-कुंकू लावलेलं ते टोपण बसलेलं. चिंचेनं घासून लख्ख केलेलं.

"हे कुठनं आणलं?" मी भांडारवाल्याला विचारलं.

"कॉम्प्युटर उचलून आणता येतंय व्हय? म्हणून त्याचं एक हत्यार आणलं पूजेला."

"मग ठेवलं का न्हाय परत?"

"पूजा हलवायच्या आधी कसं उचलायचं?"

मी टोपण पदराला पुसलं आणि खोलीकडं निघाले. दारात साहेब. "तुला काय कळतंय त्यातलं?"

"न्हाय कळत. पण हे कुठं बसतंय ते म्या बघितलंय."

कपाटामागं हात घातला, तारेचं टोक चाचपलं, दाबलं, पीळ दिला. मग तिथल्या ऑपरेटरला मी म्हणाले, "आता बटण दाब."

पहिल्या पडद्यावर अक्षरं आली. मग दुसऱ्या, तिसऱ्या. पाचही उठले. ऑपरेटर खुर्चीतनं उठून हसायला लागला. साहेब पडदे बघायला आत आले.

मी झाडू हातात घेतला. "साहेब, चपला बाहेर."

त्यांनी काढल्या. हंगाम संपायच्या आत मी कायम झाले.